तालमीत रंगतं ते सभागृहात का विरतं? अकूस्टिक बँडच्या एकत्र आवाजाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला सहा जणांचा अकूस्टिक बँड: दोन गिटार, पेटी, व्हायोलिन, बासरी आणि कहोन, म्हणजे वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका. चौघं गातात. गाणी स्वतःची, मराठी, चाली लोकसंगीताच्या अंगानं जाणाऱ्या. घरच्या तालमीत अंगावर काटा येतो, पण कार्यक्रमात तेच गाणं सपाट वाटतं. ध्रुवपदाला लोक गात नाहीत आणि टाळ्या सुरू झाल्या की लय पळते. दीड महिन्यावर दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात कार्यक्रम आहे, तोवर काय बदलता येईल?

गाण्यांना हात लावू नका. तालमीत काटा येतो म्हणजे गाणी आणि माणसं दोन्ही ठीक आहेत. खोलीत तुम्ही एकमेकांना थेट, मध्ये कुठलंही यंत्र नसताना ऐकत असता, आणि स्टेजवर नेमकं तेच सुटतं. शिवाय खोलीत ऐकणारा कोणी नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी गाण्यात जागा ठेवायची वेळच येत नाही. या दोन गोष्टी दुरुस्त केल्या की बाकीचं पुष्कळसं आपोआप मार्गी लागतं.

२००७ नंतरच्या काही वर्षांत इंडी फोकची जी लाट आली, लंडनचा मम्फर्ड अँड सन्स, सिअ‍ॅटलचा फ्लीट फॉक्सेस, डेन्व्हरचा ल्युमिनिअर्स, ती ऐकून बहुतेक बँड त्यांचा दणका उचलतात: घोळक्यानं दिलेली हाक, पायाखालचा ठोका, शेवटी सगळे एकदम तारस्वरात. तो दणका मोठ्या मैदानांसाठी आणि मोठ्या स्पीकरसाठी आहे. उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मार्कस मम्फर्ड गिटार वाजवत गातो आणि त्याच वेळी पायानं किक ड्रम, म्हणजे पायाखालचा मोठा ढोलही वाजवतो. गाण्याचा श्वास, हाताची लय आणि खालचा ठोका एकाच शरीरातून आल्यावर लय कोणाची यावर वाद उरत नाही. तुमच्यात ती जबाबदारी कोणाकडे आहे हे आधी ठरवा. मुख्य गायक गिटार वाजवत असेल तर लय त्याची, आणि कहोन त्याच्या उजव्या हाताकडे बघून वाजेल. कहोनवाल्यानं वेगळी लय धरली आणि गायकानं वेगळी, तर बाकीचे चौघं मधल्या मध्ये लोंबकळतात.

बसायचं कसं

स्टेजवर सहा जण प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत, प्रत्येकामध्ये सव्वा मीटर, अशी मांडणी सर्रास दिसते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा मीटरच्या वर अंतर. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे टोकाच्या माणसाचा आवाज दुसऱ्या टोकाला अठरा मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढं एकवेळ चालतं. खरा घोळ मागच्या भिंतीमुळे होतो. भिंत पंधरा मीटरवर असेल तर स्पीकरचा आवाज तिथे आपटून परत येईपर्यंत जवळजवळ ८७ मिलिसेकंद गेलेले असतात. मिनिटाला ११० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १३६ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा पडसाद पाव मात्रेच्या निम्म्याहून जास्त मागे आहे. शेजारचा माणूस नीट ऐकू येत नसला की कान नकळत या पडसादाला धरतात, आणि सगळा बँड रेंगाळायला लागतो. कोणीतरी ते जाणवून रेटतो आणि मग ओढाताण सुरू होते.

उपाय साधा आहे. प्रेक्षकांकडे उघडं राहील असं अर्धवर्तुळ करा, दोन टोकांमध्ये तीन ते साडेतीन मीटरपेक्षा जास्त अंतर नको. कहोन मध्यभागी, हातभर मागे. गाणारे चौघं शेजारी-शेजारी, एकाच्या तोंडापासून दुसऱ्याच्या कानापर्यंत हातभर अंतर राहील असे. उजव्या हातानं वाजवणाऱ्याच्या गिटारची मान त्याच्या डावीकडे जाते, तिथे दीड हात जागा सोडा, नाहीतर ती व्हायोलिनच्या गजाला आडवी येते. दोन्ही गिटार शेजारी ठेवू नका. पेटी जमिनीवर आणि बाकीचे उभे, असं तर मुळीच नको: पेटीवाला डोळ्यांच्या रेषेतून जातो आणि त्याला फक्त इतरांचे गुडघे दिसतात. एक तर सगळे बैठकीवर बसा, किंवा पेटीला ७०-७५ सेंटिमीटर उंचीचं टेबल घ्या. डोकी साधारण एका उंचीवर आली पाहिजेत.

यासाठी तालमीत रोज दहा मिनिटं काढा. ‘एक-दोन-तीन-चार’ न मोजता, फक्त मुख्य गायकाच्या श्वासावर गाणं सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात फसेल, नंतर जमेल. मग दिवे बंद करून तेच करायचं. आणखी एक: मधूनच कोणीतरी ठरवून थांबायचं आणि बाकीच्यांनी कोण थांबलं ते ओळखून तिथली जागा भरायची नाही, तशीच चालू द्यायची. सहा माणसांच्या बँडमध्ये चौघांनी वाजवलेल्या ओळी सहाही जणांनी वाजवलेल्या ओळींइतक्याच मोलाच्या असतात.

वाजवणं कमी करा

एक कसोटी लावा. माइक नाही, सगळे वाजवताहेत, मुख्य गायक सहज आवाजात गातोय, आणि पाच मीटरवर बसलेल्या माणसाला शब्द कळले पाहिजेत. कळत नसतील तर गायकाला जोर लावायला सांगू नका. दहापैकी नऊ वेळा दोष गिटारच्या स्ट्रमिंगचा असतो: दोघंही तेच कॉर्ड, त्याच जागी, त्याच गतीनं खाली-वर करत असतात.

दोन गिटार वेगवेगळ्या उंचीवर न्या. गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे डीमध्ये असेल तर एकानं खाली मोकळ्या तारांवर डी धरायचा, दुसऱ्यानं सातव्या घरावर केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जीचा आकार वाजवायचा. सूर तोच, आवाज मँडोलिनसारखा वरचा. पाचव्या घरावर केपो लावून एचा आकारही चालतो, तो थोडा भरीव वाटतो. एक जण घट्ट स्ट्रम करत असेल तर दुसऱ्यानं आवर्तनात दोन-तीनदाच तार छेडायची. हलक्या स्ट्रमला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं पातळ पिक घ्या. जाड पिकानं हळू वाजवायचं म्हटलं तरी शब्द झाकले जातात.

पेटीनं गाण्याची चाल सतत सोबतीनं वाजवणं ही आपली भजनातली सवय. तिथे ती शोभते, इथे गायकाचे सगळे बारकावे पुसून टाकते. पेटीनं सा-प धरून ठेवावा आणि दोन ओळींमधली जागा भरावी. हा सा-प फार उपयोगाचा आहे, कारण लोकगीतांच्या वळणाच्या अनेक चाली पाच-सहा सुरांतच फिरतात आणि त्यांना चार कॉर्डचं ठरलेलं चक्र लावलं की त्यांचा चेहरामोहरा जातो, कुठल्याही जाहिरातीतल्या गाण्यासारख्या वाटायला लागतात. कोमल रिषभ असलेल्या चालीखाली मेजर-मायनरच्या कॉर्ड तर टोचतातच. अशा वेळी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावा. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवायची. मोकळ्या तारांत गंधार नाही, त्यामुळे कोमल-शुद्धचा झगडाच होत नाही, आणि तुणतुण्याच्या एकाच तारेनं गोंधळात जे काम होतं ते गिटार करते. उतरवलेली तार पुढची काही मिनिटं हळूहळू वर सरकत राहते, म्हणून अशा लावलेल्या तारांवरची गाणी कार्यक्रमात एकामागोमाग घ्या आणि दोन गाण्यांच्या मध्ये सूर पुन्हा तपासा.

पेटी स्टेजवर सुरात लावता येत नाही. म्हणून सगळ्यांनी पेटीला लावायचं. ट्यूनर पांढरी सहासाठी ४४० हर्ट्झ धरतो आणि पेटी त्याहून जरा वर-खाली असते, असं जुन्या पेट्यांत बऱ्याचदा आढळतं. तालमीत एकदा पेटीचा धैवत, म्हणजे पांढरी सहा, ट्यूनरवर बघा, आकडा लिहून ठेवा आणि सगळ्यांच्या क्लिप ट्यूनरमध्ये तोच आकडा घाला.

झील

पोवाड्यात आणि गोंधळात मुख्य गाणाऱ्याच्या मागे झील धरणारे, म्हणजे ओळीचं टोक उचलून साथीनं गाणारे असतात. त्यांचं काम सुरेल साथीपुरतं नसतं: ते ऐकणाऱ्यांच्या वतीनं पहिला प्रतिसाद देतात आणि तो देऊन लोकांना दाखवतात की इथे तुम्हीही येऊ शकता. तुमच्या उरलेल्या तीन गळ्यांचं काम नेमकं हेच आहे.

म्हणून आधी एका सुरात गा. तीन पट्ट्यांतली अर्धवट जमलेली हार्मनी ऐकताना लोक कौतुकानं गप्प बसतात. चौघांनी एकाच सुरात, पोटातून गायलेली ओळ ऐकली की गळा आपसूक हलतो. पहिलं कडवं एकट्यानं, पहिलं ध्रुवपद दोघांनी, दुसरं सगळ्यांनी एका सुरात, आणि हार्मनी शेवटच्या ध्रुवपदापर्यंत राखून ठेवायची. तेव्हा लोक मूळ चाल धरून असतात, म्हणून वर-खाली जायला तुम्ही मोकळे असता.

एकत्र गाताना चूक बहुधा सुरात नसते, उच्चारात असते. ‘घर’ हा शब्द ओळीच्या शेवटी लांबवला की चौघं ‘घऽ’वर थांबतात, पण ‘र’ चार वेगवेगळ्या क्षणी पडतो आणि ओळीचं टोक फाटतं. ‘र’ कुठल्या मात्रेवर मिटायचा ते ठरवा. ‘स’, ‘श’, ‘च’ शेवटी असेल तर तो एकानंच म्हणायचा, बाकीच्यांनी स्वरावर सोडून द्यायचं. ‘ए’ आणि ‘ऐ’ म्हणताना सगळ्यांच्या ओठांचा आकार सारखा आहे का, हे समोरासमोर बसून बघा. अर्ध्या तासाचं हे काम एखादी नवी हार्मनी बसवण्यापेक्षा जास्त देतं.

लोकांनी गावं म्हणून

लोक गात नाहीत याचं पहिलं कारण पट्टी. सर्वसाधारण गळा असलेल्या बायका मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत सहज गातात, पुरुष त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. ध्रुवपद या टप्प्यात, आणि शक्यतो एका सप्तकाच्या आत बसलं पाहिजे. पण एवढ्यानं भागत नाही. ध्रुवपदाचा सर्वांत वरचा सूर पांढरी तीन ते पांढरी पाच या पट्ट्यात आला की पुरुषांची पंचाईत होते: वर घेतलं तर गळा ताणतो, खालच्या सप्तकात घेतलं तर पुटपुटल्यासारखं होतं. तोच वरचा सूर पांढरी सात, एक किंवा दोनवर आणला की दोन्ही सप्तकांतला आवाज मोकळा लागतो. तुमचा गायक काळी तीनमध्ये गात असेल आणि ध्रुवपद तार षड्जाला भिडत असेल, तर ते नेमकं अडचणीच्या जागी आहे. गाणं पांढरी दोनमध्ये उतरवून बघा. कडवी फार खाली जात असतील तर पट्टी तशीच ठेवा आणि लोकांना वेगळी ओळ द्या: मुख्य गायक सा-वर, झीलकरी आणि लोक त्याखालच्या प-वर. तो सूर काळी एक येतो, सगळ्यांच्या आवाक्यातला.

दुसरं कारण ओळीची लांबी. लोकांची ओळ एका श्वासाची हवी, चार-पाच सेकंदांची, चार ते आठ शब्दांची, पंचमापेक्षा मोठी उडी नसलेली. ती एकाच गाण्यात निदान चार वेळा, एकही शब्द न बदलता आली पाहिजे. प्रत्येक वेळी शब्द फिरवायचा मोह कवीला होतो. तो कडव्यांत भागवावा. आणि तुमच्या ओळीनंतर तेवढीच जागा रिकामी सोडा. खरोखर रिकामी: व्हायोलिनची तान नको, बासरीची फुंकर नको, फक्त पायाचा ठोका. पहिल्या खेपेला कोणी गाणार नाही, झीलकऱ्यांनी तिथे गायचं. दुसऱ्या खेपेला पहिल्या दोन रांगा येतील. ‘आवाज येत नाहीये पुणेकर!’ हे ओरडणं टाळा. त्यामुळे गाणारे थांबतात आणि न गाणारे आणखी अवघडतात. हातानं जागा दाखवा आणि लोक गायला लागले की स्वतः थोडं मागे व्हा.

तिसरं कारण दिवे आणि आवाज, यावर फारच कमी बँड लक्ष देतात. माणूस शेजारचा गातोय हे ऐकू आणि दिसू लागलं की गातो. सभागृह पूर्ण काळोखात असेल तर प्रत्येक जण एकटा असतो. प्रेक्षागृहातले दिवे पाव भाग चालू ठेवायला सांगा. आणि स्पीकरचा आवाज मधल्या रांगेत ८०-८५ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साध्या गळ्याचा माणूस मोकळेपणी गायला तर एक मीटरवर साधारण तेवढाच आवाज येतो. स्पीकर ९५ वर असेल तर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, मग तो गाणं सोडून मोबाईल काढतो. लोकांचं ध्रुवपद आलं की मुख्य आवाज तीन-चार डेसिबल खाली घ्यायचा, हे साउंडवाल्याला गाण्याच्या यादीवर खूण करून लिहून द्या. त्याला आधी हे विचित्र वाटेल, कारण ध्रुवपदाला आवाज चढवायची सवय असते. पण लोकांना स्वतःचा एकत्र आवाज ऐकू येतो तो याच चार डेसिबलमध्ये.

टाळ्यांचं म्हणाल तर जमावाच्या टाळ्या पळतातच. मागचे लोक पुढच्यांना उशिरा ऐकतात, ते भरून काढायला घाई करतात आणि पुढचे त्यांच्यामागे जातात. आपल्याकडे टाळी समेवर आणि तिसऱ्या मात्रेवर पडते. दुसरी-चौथीवर पाडायला शिकवण्याच्या फंदात पडू नका, कहोनचा खालचा ‘धम’च पहिली-तिसरीवर ठेवा. साधारण ९५ ते १२० ची लय टाळीला सुखाची. कहोनवाल्यानं टाळ्या सुरू झाल्या की नक्षीकाम थांबवून सरळ ठोका धरायचा, इतरांनी टाळ्यांकडे न बघता त्याच्याकडे बघायचं. पुढचं कडवं शांत असेल तर ठोका पूर्ण काढून घ्या, टाळ्या दोन ओळींत विरतात. हातानं ‘थांबा’ म्हणायची गरज पडत नाही.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर आषाढीच्या वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा जा. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. दिंडीतलं भजन जवळ उभं राहून ऐका. टाळकरी दोन रांगांत समोरासमोर, पखवाज मध्ये, वीणेकरी त्यांच्यासोबत. म्हणजे सगळे एकमेकांकडे बघताहेत, बघ्यांकडे नाही. चाल एक जण सुरू करतो, बाकीचे पुढचे शब्द उचलतात. लय वाढते ती पखवाजातून, आणि वाढली की सगळ्यांची एकदम वाढते. रस्त्यावरच्या एवढ्या गलबल्यात हे विनामाइक चालतं. ढोल-ताशा पथकाचा जोश वेगळ्या जातीचा आहे, तो आवाजाच्या वजनावर उभा असतो; अकूस्टिक बँडनं त्याच्या मागे लागू नये.

ओव्या घेत असाल तर एक विनंती. जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून उभा केला, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, आणि त्यात गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं नोंदवलेली आहेत. ओवी घेतली तर त्या बाईचं आणि गावाचं नाव स्टेजवरून घ्या. ‘पारंपरिक’ म्हणून सोडून देऊ नका.

माइक आणि मॉनिटर

दीडशे खुर्च्यांच्या, शांत सभागृहात एका माइकवर काम करण्याचा विचार जरूर करा. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताचे बँड पूर्वी असेच वाजवायचे आणि डेल मॅककुरी बँडसारख्यांनी १९९० च्या दशकात ती पद्धत पुन्हा आणली. मोठ्या पडद्याचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) कंडेन्सर माइक मधोमध, छातीच्या उंचीवर. गाणारे त्याच्यापासून ४५ ते ६० सेंटिमीटरवर. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, इतर अर्धं पाऊल मागे. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं कमी होतो, म्हणजे मिश्रण तुमच्या पावलांनी होतं आणि पाच मीटरची कसोटी उत्तीर्ण झालेला बँडच हे करू शकतो. कंडेन्सरला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे फँटम, लागतो. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, अजिबात नको, मुख्य स्पीकर बँडच्या दोन-तीन मीटर पुढे. कॅफेत, जिथे मागे कॉफीचं यंत्र घरघरतं, तिथे ही पद्धत चालत नाही.

ती जमत नसेल तर मधला मार्ग: गाणाऱ्या चौघांना दोन माइक, गिटार पिकअपमधून डीआय बॉक्सला (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी), बाकीच्यांना एकेक माइक. गिटारवर ८०-१०० हर्ट्झखालचं सगळं कापा. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटाऱ्याच्या गिटारची आतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास आणि वरची फळी २०० च्या आसपास घुमते, स्टेजवर ‘हूंऽ’ सुरू होतं ते बहुधा याच दोन जागांपैकी एकीवर. आधी गिटारच्या भोकावर रबराची चकती बसवा, मग फेज बटण उलटवून बघा, तरीही राहिलं तर त्या जागी अरुंद कट द्या, तीन ते सहा डेसिबल. पिकअपचा चिरका आवाज दीड ते तीन किलोहर्ट्झमध्ये थोडं कमी केलं की सुसह्य होतो. कहोनचा माइक मागच्या भोकाच्या तोंडाशी. बासरीच्या फुंकेसमोर माइक धरला तर नुसता वारा येतो. वरून तिरपा, फुंकीचं छिद्र आणि बोटांची छिद्रं यांच्या मध्ये रोखा, १५-२० सेंटिमीटरवरून. पेटीचा माइक भात्याकडे नको.

मॉनिटर लागलाच तर एक, आणि त्यात फक्त मुख्य आवाज आणि पेटी. कार्डिऑइड माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर पाठीमागे नको, कारण तो मागूनही थोडं ऐकतो. त्याची बहिरी दिशा साधारण १२५ अंशांवर असते, म्हणजे मागे पण बाजूला. कानात घालायचे मॉनिटर या जातीच्या बँडला मला पसंत नाहीत, लोकांशी संबंध तुटतो. एकच कान घालणं तर त्याहून वाईट, कारण त्या कानातला आवाज वाढतच जातो. आणि गळ्यावर लग्नाच्या हॉलमधला इको नको, एवढं साउंडवाल्याला आधीच सांगा. सभागृहाची स्वतःची जी काही घुमण आहे ती मराठी शब्दांना पुरेशी असते.

हवा

पुण्यात जून ते सप्टेंबर हवा ओली आणि एप्रिल-मेच्या दुपारी खडखडीत. पावसाळ्यात गिटारची फळी फुगते, तारा उंच होतात आणि बोटं थकतात. उन्हाळ्यात उलट, तारा खाली बसतात आणि खडखडतात. बॅगेत आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के हे गिटारच्या तब्येतीचं माप. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. दिमडी किंवा ढोलकी घेत असाल तर कातडं ओल्या हवेत उतरतं हे गृहीत धरा.

एसी सभागृहात वाद्यं निदान पाऊण तास आधी उघडी करून ठेवा. गारव्यानं तारा ताणल्या जाऊन सूर चढतो, दिव्यांखाली उतरतो. बासरीचं याच्या उलट: आतली हवा एक अंशानं थंड झाली की सूर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. डिसेंबरच्या रात्री उघड्यावर वाजवताना बासरी पेटीपेक्षा स्पष्ट खाली लागते ती यामुळेच. आपली पाळी यायच्या आधी तिच्यातून आवाज न काढता गरम श्वास सोडत राहायचं.

कार्यक्रमाची आखणी

पाऊण तासाला आठ, फार तर नऊ गाणी. केपो आणि तारा लावण्याची पद्धत सारखी असलेली गाणी एकत्र. दोन गाण्यांच्या मध्ये तीस सेकंदांपेक्षा जास्त तारा पिळल्या की जमलेलं निसटतं. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं लावून घ्यायचं, आणि कोण बोलणार हे यादीवर लिहायचं. लोकांचं पहिलं गाणं तिसरं ठेवा. सुरुवातीलाच गायला लावलं तर ते बिचकतात, सहाव्यापर्यंत थांबलात तर नुसतं ऐकत बसण्याची त्यांना सवय झालेली असते.

शेवटून दुसरं गाणं विनामाइक, खाली उतरून घ्या. स्टेजच्या पायरीशी थांबू नका, रांगांच्या मधल्या वाटेत निम्म्यापर्यंत जा, म्हणजे सर्वांत लांबचा माणूस सात-आठ मीटरवर राहतो. एक गिटार, व्हायोलिन, टाळाची एक जोडी आणि सगळे गळे. पेटी वर राहू द्या, पण निघण्याआधी तिच्यावरून सा घ्या. एसीचा पंखा त्या चार मिनिटांसाठी कमी करायला सभागृहाच्या माणसाला दुपारीच सांगून ठेवा. गाणं पट्टी तपासलेलंच हवं, आणि त्याचं ध्रुवपद आधीच्या अर्ध्या तासात लोकांनी एकदा ऐकलेलं असावं: दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याच्या मध्ये बासरीवर तीच ओळ वाजवून ठेवली तरी पुरतं.

गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत वाजवणार असाल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दहा ते सहा ही बंदी आहे, बंदिस्त सभागृहाला तेवढी सूट. अशा ठिकाणी पावणेदहाला माइक बंद करून उरलेली गाणी मध्ये बसून हलक्या आवाजात घ्यायची तयारी ठेवा. त्यासाठी विनामाइक म्हणता येतील अशी तीन गाणी तालमीत आधीच पक्की झालेली असावीत.